ऊन आहे, पॅनल आहे, वीज नाही

मे महिन्याच्या शेवटी एका रात्री नरपडला जोराचं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसच्या स्टँडअप कॉलवर असताना आजोबांचा फोन. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला, कारण आजोबा सलग तीनदा फोन करत नाहीत.

"तुझं ते सोलर बिघडलंय."

"काय झालं?"

"पंखा फिरत नाही. फ्रिज बंद. कालपासून लाइट नाही गावात."

"आजोबा, लाइनच नाही ना? मग सोलरही बंदच राहणार. लाइन आली की आपोआप सुरू होईल."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "अरे, पण ऊन तर चालू आहे."

यावर माझ्याकडे टेक्निकल उत्तर होतं, पण ते फोनवर देण्यासारखं नव्हतं. दिलं असतं तरी त्यांचं समाधान झालं नसतं. खरं सांगायचं तर माझंही झालेलं नाही, म्हणून या वीकेंडचा लेख त्यावर.

नरपड कुठे आहे हे माहीत नसणाऱ्यांसाठी: डहाणू रोड स्टेशनला उतरायचं आणि बोर्डीच्या रस्त्याला लागायचं. डाव्या हाताला समुद्र आणि सुरूची झाडं, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे हल्ली शनिवार-रविवारी आमच्या किनाऱ्यावर तुमच्यापैकी बरेच जण दिसतात. (प्लास्टिकच्या बाटल्या परत घेऊन जात जा, प्लीज.) आजोबांचं घर रस्त्यापासून आत आहे. कौलं काढून आठेक वर्षांपूर्वी स्लॅब टाकला, त्यामुळे वर जागा होती. २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान. मी एक्सेल शीट केली, आजोबांना पटवलं, बाकीचे लाखभर माझ्या बोनसमधून घातले आणि पॅनल बसवून मोकळा झालो. पहिलं बिल जवळजवळ शून्यावर आलं तेव्हा आजोबांनी ते चार घरी नेऊन दाखवलं होतं.

आणि आता तीन दिवस लाइट नाही. सुरू वायरींवर आडवे झालेले, किती ठिकाणी खांब वाकलेले. लाइनमन बिचारे कुठे कुठे पुरणार? त्यांना दोष द्यायचा नाही. पण पावसाने धुऊन चकाचक झालेली पॅनलं उन्हात तळपत होती आणि खाली आजी पुठ्ठ्याने वारा घेत होती.

असं का होतं ते आधी सांगतो, कारण पॅनल बसवायचं ठरवणाऱ्या दहापैकी आठ जणांना हे माहीत नसतं. विकणाराही आपणहून सांगत नाही. आपण जे सोलर बसवतो ते ग्रिडला जोडलेलं असतं. त्यातला इन्व्हर्टर स्वतःच्या मनाने चालत नाही, ग्रिडच्या व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सीच्या ठेक्यावर चालतो. ग्रिड गेलं की त्याने लगेच स्वतःला बंद करायचं असतं, कारण बाहेर लाइनमन वायर जोडत असेल आणि आपल्या छपरावरून त्या वायरीत वीज गेली तर माणूस मरेल. नियम योग्यच आहे. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर घर वेगळं तोडून चालवता येतं, पण त्याचा खर्च वेगळा आणि मी तो वाचवला होता. माझ्या एक्सेल शीटमध्ये 'वादळ' नावाचा कॉलम नव्हता.

शुक्रवारी रात्री गावी पोचलो. शनिवारी सकाळी किनाऱ्यावर फेरी मारली. हवा धुतलेली होती, त्यामुळे दक्षिणेला डहाणूच्या औष्णिक केंद्राची चिमणी स्पष्ट दिसत होती. लहानपणी ती आमच्यासाठी होकायंत्र होती: चिमणीकडे तोंड केलं की डहाणू, पाठ केली की बोर्डी. उंची २७५ मीटर. खाली प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच, १९९५ च्या सुमारास सुरू झालेले. तेव्हा ते बीएसईएसचे होते, मग रिलायन्सकडे गेले, २०१८ मध्ये अदानी समूहाकडे. मालक बदलत गेले, पण केंद्र उभं राहिलं ते मुंबईच्या उपनगरांसाठी. कोळसा डहाणूत येतो, जळतो डहाणूत, राख डहाणूत पडते आणि वीज उच्च दाबाच्या तारांवरून मुंबईकडे जाते.

मी राहतो कांदिवलीत. रात्री एसी लावून झोपतो. ग्रिडमध्ये सगळीकडची वीज एकत्र होते, अमुक युनिट तमुक चिमणीचं असं म्हणता येत नाही, एवढं इंजिनिअरिंग मलाही येतं. पण विजेला पत्ता नसला तरी करारांना असतो. त्या शनिवारी हिशोब असा होता की कांदिवलीतल्या माझ्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राउटर चालू होता आणि चिमणीच्या गावातला फ्रिज बंद होता.

यात कुणी व्हिलन नाही, ही यातली गैरसोयीची गोष्ट. उपनगरात पुरवठा करणारी कंपनी वेगळी, गावात महावितरण वेगळी. कायद्याने, कराराने सगळं बरोबर. फक्त या सगळ्यात डहाणूतल्या माणसाला एकच रोल आहे, ग्राहकाचा. बिल भरा, तक्रार नोंदवा, वाट बघा.

एकदा मात्र डहाणूकडे त्याहून मोठा रोल होता, आणि ते विसरायला नको. केंद्र येणार म्हटल्यावर १९८९-९० मध्ये इथल्या लोकांनी विरोध केला, नर्गिस इराणींसारखी बागायतदार मंडळी कोर्टात गेली. केंद्र काही थांबलं नाही. पण १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, २०१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. या प्राधिकरणाने कंपनीच्या मागे लागून धुरातला गंधक काढणारं संयंत्र बसवायला लावलं. आदेश १९९९ चा, संयंत्र सुरू झालं २००७ मध्ये. मध्ये आठ वर्षं टाळाटाळ, पत्रव्यवहार आणि ३०० कोटींच्या बँक हमीचा आदेश. देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांवर तेव्हा असं संयंत्र नव्हतं. ते डहाणूत बसलं, कारण 'बसवा' म्हणू शकणारी आणि म्हणत राहणारी एक संस्था इथे होती.

म्हणजे धुराच्या बाबतीत डहाणूला आवाज होता. विजेच्या बाबतीत कधीच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, गावाने स्वतःची वीज काढावी असं तुला म्हणायचंय का? हो, तेच. पण ते म्हणताना दरवेळी जो भाबडेपणा केला जातो (गाव करील ते राव काय करील, सूर्य सगळ्यांचा, वगैरे) तो मला टाळायचाय. कारण हा प्रयोग आपल्याच राज्यात चाळीस वर्षं झालेला आहे आणि तो कसा संपला ते आपण सोयीस्करपणे विसरलोय.

मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यातल्या शंभर-दीडशेहून जास्त गावांना वीज देणारी, ग्राहकांच्या मालकीची संस्था. १९६९ मध्ये दिल्लीत ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघालं, तेव्हा अमेरिकेतल्या खेड्यांनी १९३५ नंतर सहकारी तत्त्वावर वीज आणली तसं आपल्याकडे करून बघू, म्हणून देशात पाच ठिकाणी अशा संस्था काढल्या. त्यातली ही एक. तेव्हाचा विचार करा, वीज मंडळ शेताच्या बांधापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील सांगता येत नव्हतं, आणि इथे शेतकरी स्वतः वीज कंपनीचे सभासद! पंप चालले, ऊस वाढला. पण वीज संस्थेची स्वतःची नव्हती. ती मंडळाकडून घाऊक विकत घ्यायची आणि सभासदांना द्यायची. सभासद म्हणजे मतदार, त्यांच्याकडून पंपाचं बिल पूर्ण वसूल कोण करणार? घाऊक खरेदीचं बिल थकत गेलं. संस्थेचं म्हणणं वेगळं होतं, वाद वर्षानुवर्षं चालला, पण थकबाकीचा आकडा दोन हजार कोटींच्या वर गेला. २०११ मध्ये परवान्याची मुदत संपली, नियामक आयोगाने तो भाग महावितरणकडे दिला आणि विषय संपला.

गंमत म्हणजे त्याच पाचांतली दुसरी संस्था, बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीची, अजून चालू आहे. तिच्या संचालकांच्या निवडणुका आमदारकीसारख्या लढवल्या जातात म्हणे. ते चांगलं की वाईट मला ठरवता येत नाही. पण निदान कुणाला तरी ती आपली वाटते, एवढं नक्की.

दुसरं टोक म्हणजे बिहारमधलं धरनाई. जहानाबाद जिल्ह्यातल्या या गावात २०१४ मध्ये ग्रीनपीसने शंभर किलोवॉटचं सोलर मायक्रोग्रिड उभारलं. तीसेक वर्षं अंधारात असलेलं गाव उजळलं, मोठ्या बातम्या आल्या. नितीशकुमार (तेव्हा माजी मुख्यमंत्री) बघायला आले तेव्हा गावातल्या काही लोकांनी त्यांच्याकडे 'असली' वीज मागितली. म्हणजे पंखा, फ्रिज, पंप सगळं चालवणारी, तारेची. ती लवकरच आली आणि स्वस्तही होती. मग मायक्रोग्रिडकडे कोण बघणार? बॅटऱ्या संपल्या, त्या बदलायला पैसे जमवले गेले नव्हते. काही वर्षांनी पत्रकार गेले तेव्हा त्या जागेत गुरं बांधलेली होती.

ओपन सोर्सवर काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. लॉन्चच्या दिवशी गर्दी, तीन वर्षांनी मेंटेनर शोधतोय.

तरी मी निराश का नाही, तर जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीमुळे. पुणे जिल्ह्यातली ही चाळीसएक घरांची वाडी. २०१२ मध्ये ग्रामऊर्जा नावाच्या पुण्याच्या कंपनीने बॉश सोलरच्या मदतीने तिथे ९.४ किलोवॉटचं छोटं ग्रिड बसवलं. भांडवल बाहेरचं होतं, पण चालवणं गावाच्या न्यासाकडे दिलं. प्रत्येक घराला मीटर बसवला आणि प्रत्येक घराला दर लावला. दर गावाने बसून ठरवला आणि तो शहरातल्या दरापेक्षा जास्त होता! त्यात पुढे बॅटरी बदलण्याचे पैसे धरलेले होते. मला या सगळ्या प्रकारात पॅनलपेक्षा तो मीटर महत्त्वाचा वाटतो. फुकट दिलेल्या वस्तूला मालक नसतो. दरमहा पैसे मोजणारा माणूस दिवे गेले तर न्यासाच्या दारात येऊन बोंब मारतो, आणि ती बोंब ऐकणारा माणूस त्याच वाडीत राहत असतो.

जर्मनीत श्योनाउ नावाचं अडीच हजार वस्तीचं गाव आहे. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर तिथल्या काही पालकांना अणुऊर्जा नको झाली. वीज कंपनी ऐकेना, म्हणून त्यांनी गावाचं अख्खं वितरण जाळं विकत घ्यायचं ठरवलं. दोन सार्वमतं जिंकली, देशभरातून पैसे जमवले आणि १९९७ मध्ये तारा-खांबांसकट जाळं ताब्यात घेतलं. वाचताना अंगावर काटा येतो. पण नरपडने तसं करावं असं मी म्हणणार नाही. सुरू पडून वाकलेले खांब आपल्या गळ्यात घेण्यात काही शहाणपण नाही. तारा महावितरणच्याच राहू देत. त्यांच्याकडे ट्रान्सफॉर्मर आहेत, माणसं आहेत, रात्रीची वीज आहे. गावाकडे ऊन आहे.

शनिवारी दुपारी हे सगळं मी ओट्यावर बसून आजोबांना सांगत होतो. (लाइट नसल्यामुळे दोघांनाही दुसरा उद्योग नव्हता.) तेवढ्यात आमच्या वाडीत चिकू तोडायला येणारे काका आले. ते मागच्या पाड्यावर राहतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्या घरावर बसंल का हे?"

त्यांचं घर कुडाचं, वर कौलं. पॅनलचा सांगाडा त्यावर उभा राहणार नाही.

इथे माझी एक्सेल शीट दुसऱ्यांदा उघडी पडली. सूर्यघरचे ७८ हजार कुणाला मिळाले? ज्याच्याकडे स्लॅब आहे, वर लाखभर रुपये आहेत आणि ज्याचा नातू पोर्टलवर फॉर्म भरू शकतो त्याला. वीकेंडपुरते येणाऱ्यांच्या बंगल्यांवरही पॅनलं चढलीत. २०२५ मध्ये राज्याने कमी वापराच्या गरीब घरांसाठी एक किलोवॉटची वेगळी योजना काढली, हे चांगलंच झालं, पण छप्पर तिलाही लागतंच. आणि आम्ही स्लॅबवाले बिल शून्य करून बसलो तरी खांब, तारा, लाइनमनचा पगार यांचा खर्च काही कमी होत नाही. तो उरलेल्या ग्राहकांच्या बिलात जातो. म्हणजे माझ्या शून्यातला थोडा वाटा त्या काकांच्या दोन बल्बांवर पडतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, खेड्यात छपरा-छपरावर सोलर करण्यापेक्षा गावाचं एकत्र सोलर करायला हवं आणि मालकी शेअरने वाटायला हवी. छप्पर नसलं तरी शेअर असू शकतो.

हिशोब करू. शंभर किलोवॉटचा प्लँट घ्या. जमीन साधारण अर्धा एकर. आपल्याकडे एक किलोवॉट वर्षाला १,४०० युनिट देतो असं धरलं तर एक लाख चाळीस हजार युनिट. महिन्याला ऐंशी-नव्वद युनिट वापरणारी सव्वाशे-दीडशे घरं त्यात भागतात. खर्च पन्नास लाख धरू. सगळं कर्ज काढलं, नऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी, तर हप्ता महिन्याला त्रेसष्ट हजारांच्या थोडा वर. वर्षाला साडेसात लाख. भागिले युनिट, म्हणजे ५ रुपये ४० पैसे. पुसणं-धुणं, विमा, एका माणसाचा अर्धा पगार धरून सहाच्या आसपास.

आता सहा रुपये म्हणजे काही स्वस्त नव्हे. घरगुती वापराच्या पहिल्या शंभर युनिटांचा दर साधारण तेवढाच असतो. पाड्यावरच्या काकांची पहिली दहा वर्षं काहीच बचत होणार नाही. बचत होईल ती वरच्या स्लॅबमधल्या वाडीवाल्यांची, बंगलेवाल्यांची, होमस्टेवाल्यांची. म्हणजे संस्थेने दर एकसारखा ठेवला तर पुन्हा फायदा आमचाच! तो वर-खाली ठेवावा लागेल. आम्ही आठ द्यायचे, पाड्याने चार. आम्हाला आठही परवडतात, कारण वरच्या स्लॅबचा दर त्याहून जास्त आहे. आणि दहा वर्षांनी कर्ज फिटलं की पॅनल अजून पंधरा वर्षं चालतं, इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल तेवढाच. त्या पंधरा वर्षांची वीज जवळजवळ देखभालीच्या खर्चात. ती कुणाला किती, हे सभासदांनी भांडून ठरवावं. मुळा-प्रवरा विसरायची नाही, म्हणून एक नियम घटनेतच लिहायचा: दर ठरवणाऱ्या कमिटीला वसुली माफ करता येणार नाही.

कायद्यात हे बसतं का? मूळ कायद्याचा हेतू तर हाच आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या पाचव्या कलमात ग्रामीण भागातल्या वीज व्यवस्थापनासाठी पंचायती, सहकारी संस्था, वापरकर्त्यांच्या संघटना यांचं नाव घेतलंय. चौदाव्या कलमाप्रमाणे राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही. २००५ च्या नियमांत सहकारी संस्था सभासदांच्या वापरासाठी सामाईक वीज केंद्र काढू शकते. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी शंभर किलोवॉटपासून ग्रिडमधून हरित वीज नेण्याचा दरवाजा उघडला. अडतं ते पुढे. शंभर किलोवॉट ही मर्यादा एखाद्या कारखान्याला सोपी आहे, सव्वाशे घरांना एकत्र एक ग्राहक मानायला कुणी तयार नाही. हवं ते एवढंच: प्लँट एका जागी, युनिटांची वजावट सव्वाशे बिलांत. दिल्लीच्या नियामक आयोगाने २०१९ मध्ये व्हर्च्युअल नेट मीटरिंग नावाने हीच सोय आणली. शहरातल्या फ्लॅटवाल्यांना ती लागते तशी पाड्यांनाही लागते. आणि सॉफ्टवेअर म्हणून बघाल तर हे काम एका टेबलात एक कॉलम वाढवण्याइतकं आहे. (बरं, दोन स्प्रिंट.)

राज्याची सौर कृषी वाहिनी योजना हे आपल्याकडचं मोठं काम, २०१७ पासूनचं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गावोगाव सोलर प्लँट उभे राहतायत. जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख वार्षिक भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. रात्री दोन वाजता पंप लावायला उठलेल्या माणसाला विचारा याची किंमत. पण प्लँट विकासकाचा, पंचवीस वर्षांचा करार त्याचा. गावाला भाडं मिळतं, मालकी नाही. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौर ग्राम झाली, तिथे घरोघरी पॅनल आहे. एका छोट्या गावाने सगळ्या घरांना एकत्र आणणं ही सोपी गोष्ट नाही, मी तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगचा प्रश्न सोडवू शकलो नाही. माझं म्हणणं एवढंच की एकत्र आलोच आहोत तर सातबाऱ्यावरही एकत्र येऊ.

आणि वादळाचं काय? शंभर किलोवॉट असले तरी लाइन गेली की तेही बंदच पडणार. मान्य. म्हणून त्यातला एक छोटा तुकडा वेगळा काढायचा. पंचायतीच्या इमारतीवर पाच-सात किलोवॉट, हायब्रिड इन्व्हर्टर आणि वीसएक युनिटची बॅटरी, गावाच्या लाइनपासून स्विचने पूर्ण तोडता येईल असं. वीस युनिटांत काय होतं? पाच हॉर्सपॉवरचा पाण्याचा पंप तीन तास चालवला तर अकरा युनिट. लसींचा फ्रिज दिवसाला एक-दोन. शंभर मोबाइल चार्ज करायला दीड युनिट. थोडे दिवे, एक-दोन पंखे, म्हाताऱ्या माणसांना बसायला. वादळानंतरचे तीन दिवस गावाला एसी नको असतो. पाणी हवं असतं आणि मुंबईतल्या नातवाला फोन लावता यायला हवा असतो. सगळ्या घरांना बॅटरी देण्यापेक्षा ही एक बॅटरी कितीतरी स्वस्त पडते.

डहाणू तालुक्यातून आता बरंच काही जाणार आहे. बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा मार्ग, एक्सप्रेस वे. वाढवणच्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, ज्याच्या विरोधात इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. मोठ्या तारा आमच्या डोक्यावरून यापुढेही जातील. त्या थांबवण्याची ताकद आमच्यात आहे की नाही मला माहीत नाही, पण अर्धा एकर आणि एक मीटर एवढं आमच्या आवाक्यातलं आहे.

तिसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, लाइट आली. पंखा फिरला, फ्रिज कुरकुरला. आजोबांनी इन्व्हर्टरकडे बघून "आलास?" असं विचारलं आणि मला म्हणाले, "ते शेअरचं पुन्हा सांग. पाड्यावरच्यांना बोलावतो, सरपंचांनाही."

ही बैठक पुढच्या रविवारी आहे. अकरा जण येतो म्हणालेत. त्यातल्या तिघांना वाटतंय मी सोलर कंपनीचा एजंट आहे. एकाने निरोप पाठवलाय की वर्गणी मागणार असाल तर आधी सांगा. चिकू तोडणाऱ्या काकांचा प्रश्न सगळ्यात अवघड: चार रुपये म्हणालात, ते कागदावर कोण लिहून देणार? मी संस्थेच्या घटनेचा मसुदा करतोय. सहकार कायदा कळणारं कुणी वाचत असेल तर मेल करा. येताना डहाणू लोकल पकडा. बिस्किटं मी आणतो, चहा आजी करणार आहे. तो गॅसवर होतो.